तुडतुड्याची नवी प्रजाती ठरते कशी?

कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्याला तुडतुडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पानाच्या खालच्या बाजूला बसलेला हिरवट-पिवळा, मागे निमुळता होत गेलेला किडा. बोट जवळ नेलं की तिरका तिरका सरकतो आणि पुढच्या क्षणी उडी मारून दिसेनासा होतो. देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांना मोहोरावरचे तुडतुडे ठाऊक असतात, भात लावणाऱ्यांना हिरवे तुडतुडे. पण कपाशीवरचा, आंब्यावरचा आणि भातावरचा तुडतुडा हा एकच कीटक नाही. कपाशीवर अम्रास्का असतो, आंब्यावर इडिओस्कोपस आणि अम्रिटोडस, भातावर नेफोटेटिक्स. कुळ मात्र सगळ्यांचं एकच, सिकाडेलिडी. या एका कुळात आजवर २०,०००हून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. जगातले सगळे पक्षी मोजले तरी त्यांच्या प्रजाती ११,०००च्या आसपास भरतात.

ही यादी अजून बरीच अपुरी आहे. दरवर्षी तिच्यात भर पडते आणि तिचा मोठा वाटा उष्ण कटिबंधातल्या डोंगराळ जंगलांमधून येतो. बातमीत त्याच्या दोनच ओळी छापून येतात: अमुक जंगलात नवी प्रजाती सापडली, शास्त्रज्ञांनी तिला अमुक नाव दिलं. सापडणं आणि नाव देणं यांच्या मध्ये जे काम असतं त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला ते काम बातमीपेक्षा मोलाचं वाटतं, म्हणून ते एका खऱ्या उदाहरणावरून समजून घेऊ.

किबाले

युगांडाच्या पश्चिमेला, रुवेन्झोरी पर्वताच्या पूर्वेकडे किबाले राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र सुमारे ८०० चौरस किलोमीटर. दक्षिणेकडे जमीन समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास आहे आणि उत्तरेकडे चढत ती १५०० मीटरच्या वर जाते. विषुववृत्त अगदी जवळ, पण उंचीमुळे हवा सौम्य आणि दमट, जंगल वर्षभर हिरवं. किबालेची ख्याती माकडांसाठी आणि वानरांसाठी आहे. त्यांच्या तेरा प्रजाती इथे राहतात आणि इथल्या चिंपांझींचा अभ्यास कित्येक दशकं चालू आहे. जंगलाच्या कडेपर्यंत शेतं आणि चहाचे मळे येऊन भिडलेले आहेत.

इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ अल्विन हेल्डेन विद्यार्थ्यांना घेऊन या जंगलात अभ्याससहलीला येतात. २०१५पासून त्यांनी इथल्या कीटकांची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली. फुलपाखरं, हॉक मॉथ म्हणजे मोठे पतंग, कासवासारख्या पाठीचे भुंगेरे यांच्या सचित्र ओळखपुस्तिका त्यातून तयार झाल्या. त्याच कामात एक तुडतुडा हाती लागला. लांबी ६.५ मिलिमीटर, अंगावर धातूसारखी झळाळी आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक खळगे. २०२२च्या सुरुवातीला त्याची बातमी जगभर छापून आली. नाव ठेवलं गेलं फ्लॉगिस किबालेन्सिस.

बातमी होण्यामागचं खरं कारण नावातल्या पहिल्या शब्दात होतं. जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटाला जीवशास्त्रात वंश म्हणतात आणि प्रत्येक शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा असतो. फ्लॉगिस या वंशाचा कीटक याआधी शेवटचा पाहिल्याची नोंद होती ती १९६९ सालची, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातली. फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ राउनो लिन्नाव्हुओरी यांनी १९७९मध्ये या वंशाचं वर्णन केलं. १९६९नंतर सुमारे पन्नास वर्षं या वंशाचा एकही कीटक कुणाच्या नोंदीत आला नव्हता.

किबालेतून पुढेही भर पडत राहिली. २०२५मध्ये हेल्डेन यांनी बॅट्राकोमॉर्फस या वंशातल्या आणखी सात नव्या प्रजातींचं वर्णन प्रसिद्ध केलं. जंगलाच्या १५०० मीटरहून उंच भागात लावलेल्या प्रकाश सापळ्यांत त्या मिळाल्या होत्या. या वंशातले कीटक बहुतेक हिरवे, डोळे मोठे आणि मागचे लांब पाय उडीच्या तयारीत अंगालगत दुमडलेले. बेडकाच्या ठेवणीवरूनच वंशाला हे ग्रीक नाव मिळालेलं आहे. सातांपैकी एकीचं नाव आहे बॅट्राकोमॉर्फस रुथाए. रुथ ही हेल्डेन यांची आई. त्या स्वतः वैज्ञानिक होत्या आणि मुलाला सूक्ष्मदर्शक त्यांनीच घेऊन दिला होता.

आता मुद्द्याचा प्रश्न. हिरव्या रंगाचे, जवळपास एकाच मापाचे, एकसारखे दिसणारे सात कीटक सापळ्यात पडले. ते सात वेगळ्या प्रजातींचे आहेत हे कशावरून? आणि त्या आधी कुणीच नोंदवलेल्या नाहीत हे कशावरून?

जंगलातलं काम

जंगलात सापडतो तो फक्त एक किडा. तो नवा आहे हे त्या क्षणी सहसा कुणालाच कळत नाही. शंका आली तरी ती शंकाच असते.

पकडण्याच्या पद्धती साध्या आहेत. जाड कापडाची जाळी गवतातून, झुडपांवरून झाडूसारखी फिरवायची आणि आत पडलेलं सगळं तपासायचं. रात्री पांढऱ्या कापडासमोर अतिनील किरण देणारा दिवा लावायचा. तंबूसारखा जाळीचा सापळा उभा करायचा, ज्याच्या भिंतीला आपटून वर चढणारे कीटक शेवटी वरच्या बाटलीत जमा होतात. प्रकाश सापळा आपल्या शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे, पण शेतात त्याचा हेतू कीड कमी करणं हा असतो आणि इथे ती मोजणं, ओळखणं.

प्रत्येक पद्धतीची एक खोट आहे. दिव्यापाशी उडणारे कीटकच येतात, आणि ते कुठल्या झाडावरून आले हे सांगत नाहीत. जाळीने जमिनीलगतचे मिळतात, पण तीस-चाळीस मीटर उंचीवरच्या शेंड्यात राहणारे निसटून जातात. म्हणून एकाच जंगलात अनेक वर्षं, वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या पद्धतींनी काम करावं लागतं. विद्यार्थ्यांच्या सहली वर्षानुवर्षं त्याच जंगलात गेल्या, ही गोष्ट किबालेच्या बाबतीत मला फार महत्त्वाची वाटते. एखाद्या धावत्या मोहिमेत असं काम होत नाही.

पकडलेल्या प्रत्येक कीटकासोबत एक चिठ्ठी जाते. ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पकडण्याची पद्धत, पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी हरवली तर कीटक कितीही दुर्मीळ असला तरी त्याची किंमत जवळपास शून्य होते, कारण तो कुठला हे पुन्हा कधीच ठरवता येत नाही.

टेबलावरचं काम

प्रयोगशाळेत पहिला प्रश्न असतो की हा तुडतुड्याच्याच कुळातला आहे का. त्याची खूण मागच्या पायावर असते. पायाच्या लांब भागावर काट्यांच्या उभ्या रांगा दिसल्या की ओळख जवळपास पक्की होते. भातावरचे तपकिरी तुडतुडे आपण सहज तुडतुड्यांतच धरतो, पण त्यांच्या पायावर या रांगा नसतात. त्याऐवजी एक हलणारी मोठी नखी असते. ते वेगळ्या कुळातले आहेत.

या काट्यांचा उपयोगही नोंदवण्याजोगा आहे. तुडतुडे आपल्या शरीरात ब्रोकोसोम नावाचे अतिसूक्ष्म, पोकळ, जाळीदार गोळे तयार करतात. ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. हे गोळे असलेला द्रव गुदद्वारातून बाहेर येतो आणि कीटक तो पायांवरच्या काट्यांनी अंगभर चोपडतो. त्यामुळे अंगाला पाणी चिकटत नाही, स्वतःची चिकट विष्ठाही चिकटत नाही, आणि अंगावरून परावर्तित होणारा प्रकाश कमी होतो. झाडाचा रस पिऊन सतत पातळ विष्ठा टाकणाऱ्या प्राण्याला, तेही पावसाळी जंगलात, अशा अस्तराचं मोल किती असेल याचा अंदाज करता येतो.

कुळ कळलं की मग उपकुळ, मग वंश. इथपर्यंत डोक्याचा आकार, पंखांवरच्या शिरा, एकेरी डोळ्यांच्या जागा, खळगे, रंग यांवर काम चालतं. प्रजातीपाशी आलं की या खुणा अपुऱ्या पडतात. बॅट्राकोमॉर्फसमधल्या कित्येक प्रजाती बाहेरून पाहिल्या तर वेगळ्या करता येत नाहीत. तिथे नराची जननेंद्रियं पाहावी लागतात.

त्यासाठी नराचं पोट हलक्या हाताने सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. स्नायू आणि चरबी विरघळतात, कायटिनचे कठीण भाग शिल्लक राहतात. ते धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेवले की सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून सगळ्या बाजूंनी पाहता येतात. शिश्नाचा दांडा सरळ आहे की वाकलेला, टोकाला फाटे किती, काटे कुठे, बाजूच्या पट्ट्या रुंद की अरुंद. फ्लॉगिस किबालेन्सिसमध्ये या अवयवांचा काही भाग पानाच्या आकाराचा आहे, आणि तीच त्याची वेगळी खूण ठरली. तपासणी झाली की तो भाग फेकून देत नाहीत. ग्लिसरीन भरलेल्या नखाएवढ्या नळीत ठेवून ती नळी त्याच कीटकाच्या टाचणीला टोचून ठेवतात, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याला पुन्हा पाहता येतं.

जननेंद्रियांतच एवढा फरक का असतो? जुनं स्पष्टीकरण कुलूप-किल्लीचं आहे: नराचे अवयव स्वतःच्याच प्रजातीच्या मादीशी जुळतात, दुसरीशी जुळत नाहीत, त्यामुळे संकर टळतो. एकोणिसाव्या शतकात मांडलेली ही कल्पना आज पूर्णपणे पटत नाही. मादीची निवड आणि नरांमधली चुरस यांतून हे आकार पिढ्यान्‌पिढ्या झपाट्याने बदलत जातात, हे मत आता जास्त मान्य आहे. कारण कुठलंही असो, जे अवयव सगळ्यांत लवकर बदलतात त्यांवरच नुकत्या वेगळ्या झालेल्या प्रजातींमधला फरक आधी दिसतो.

तुडतुडे स्वतः एकमेकांना ओळखतात ते मात्र आवाजावरून. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. नर पोटाच्या तळाशी असलेल्या अवयवाने कंप निर्माण करतो, तो पायांतून देठात उतरतो आणि झाडातून पसरत जातो. त्याच झाडावर बसलेली मादी पायांनी तो ओळखते आणि उत्तर देते. प्रत्येक प्रजातीचं गाणं वेगळं. स्वीडनचे फ्रेय ओसियानिल्सन यांनी १९४९मध्ये अशा छोट्या कीटकांच्या गाण्यांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आता लेझरवर चालणाऱ्या उपकरणांनी पानाचा थरथराट मोजता येतो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती एकाच झाडावर राहूनही मिसळत का नाहीत, याचं उत्तर बऱ्याचदा या गाण्यांत असतं. पण टाचणीवरचा कीटक गात नाही. म्हणून वर्णन करणाऱ्याला अवयवांवरच भर द्यावा लागतो.

डीएनएचं काय, हा प्रश्न हमखास येतो. सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून प्रजाती ओळखायची पद्धत २००३पासून रुळली आहे. तिचा खरा उपयोग जोडणीसाठी होतो. तुडतुड्यांच्या माद्या आणि पिल्लं फक्त दिसण्यावरून प्रजातीपर्यंत ओळखणं अनेकदा अशक्य असतं. नर, मादी आणि पिल्लू यांचा डीएनए जुळला की ती एकाच घरातली आहेत हे कळतं. पण फक्त डीएनएवर विसंबणंही धोक्याचं. कीटकांच्या पेशींमध्ये राहणारे काही जिवाणू आईकडून पिल्लांकडे जातात आणि त्यांच्यासोबत हा तुकडाही एका प्रजातीतून दुसरीत पसरू शकतो. मग दोन प्रजाती एकच भासतात. शिवाय जुन्या प्रजातींचा डीएनए तुलनेसाठी उपलब्ध असायला हवा, आणि तुडतुड्यांच्या बाबतीत बहुतेकदा तो नसतो.

आधी कुणी पाहिला होता का?

मला विचाराल तर सगळ्यांत अवघड भाग हा आहे. आपल्या हातातला कीटक नवा आहे असं म्हणणं म्हणजे, त्या वंशात आजवर जे जे वर्णन झालं आहे त्या सगळ्यांशी तो जुळत नाही असं म्हणणं. बॅट्राकोमॉर्फसमध्ये जगभरात शेकडो प्रजाती नोंदलेल्या आहेत. त्यांची वर्णनं दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या भाषांतल्या नियतकालिकांत विखुरलेली. ती मिळवायची, वाचायची, आकृत्या ताडून पाहायच्या आणि शंका उरली तर मूळ नमुना ज्या संग्रहालयात आहे तिथे जायचं.

मूळ नमुना म्हणजे होलोटाइप. प्रजातीचं वर्णन करताना एका कीटकाची निवड करून त्याला लाल चिठ्ठी लावतात. पुढे कधीही त्या नावाबद्दल वाद झाला तर निकाल तो एक कीटक पाहून लागतो. वर्णनात चूक असू शकते, आकृती ढोबळ असू शकते, पण नाव त्या नमुन्याला बांधलेलं असतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ब्रिटिश काळात विल्यम ल्यूकस डिस्टंट यांनी भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेशातल्या तुडतुड्यांची मोठी नोंद केली. त्यांतले अनेक नमुने आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. डिस्टंट यांची वर्णनं रंग, डोकं, पंख यांच्यावर आधारलेली होती. नराच्या अवयवांचा वापर त्या काळी रूढ झालेला नव्हता. परिणाम असा झाला की पुढच्या अभ्यासकांना त्या वर्णनांवरून प्रजाती ओळखता येईना. लंडनमधले मूळ नमुने नव्याने तपासून, अवयवांची चित्रं काढून त्या नावांना पुन्हा नेमका अर्थ द्यावा लागला. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातले सी. ए. विरक्तमठ यांनी आयुष्यातली कित्येक दशकं भारतीय तुडतुड्यांच्या अशा फेरतपासणीला आणि नव्या प्रजातींच्या वर्णनाला दिली. आज सह्याद्रीतला एखादा तुडतुडा नवा आहे की जुना, हे जे थोडंफार खात्रीने सांगता येतं ते अशा कामामुळे.

असं काम करणारी माणसं जगात फार थोडी आहेत. म्हणून नमुने संग्रहालयांत वाट पाहत पडून राहतात. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नमुना गोळा होणं आणि त्याचं नवी प्रजाती म्हणून वर्णन होणं यांत सरासरी २१ वर्षं जातात असं दिसून आलं. ज्या जंगलातून नमुना आला ते एकवीस वर्षांत तोडलं जाऊ शकतं. मला ही दिरंगाई अतिशय गंभीर वाटते. जंगलात आणखी सापळे लावण्याइतकीच, ओळख करू शकणारी तरुण माणसं तयार करण्याची गरज आहे आणि त्यासाठी पगाराच्या जागा हव्यात.

नाव देण्याचे नियम

प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरलेले आहेत. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ती ही सुरुवात मानली जाते. नाव दोन शब्दांचं, लॅटिन लिपीत. एकाच प्रजातीला दोघांनी नाव दिलं तर आधी प्रसिद्ध झालेलं टिकतं. २००० सालापासून होलोटाइप नेमणं आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हे सांगणं सक्तीचं आहे. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकांतलं नाव २०१२पासून ग्राह्य धरलं जातं, पण त्यासाठी झूबँक या अधिकृत नोंदवहीत नोंद करावी लागते. भारतात आणखी एक कायदेशीर बाब आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी प्रजाती सापडल्यास तिची माहिती कळवून नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हा असा एक संग्रह आहे आणि त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

नाव मग ठिकाणावरून ठेवा, दिसण्यावरून ठेवा, की आईवरून. किबालेन्सिस म्हणजे किबालेचा. स्वतःचंच नाव देण्याला नियमांची मनाई नाही, पण तसं करणं शोभत नाही असं सगळेच मानतात.

डोंगरातच एवढे का?

तुडतुड्यांच्या जीवनक्रमातच याचं उत्तर आहे. हे कीटक सोंडेतल्या सुईसारख्या अवयवांनी झाडाचा रस पितात. काही अन्नरस पिणारे, काही मुळांकडून वर चढणारं पाणी पिणारे, काही पानाच्या पेशी रिकाम्या करणारे. अनेक प्रजाती एकाच प्रकारच्या किंवा काही थोड्याच वनस्पतींवर जगतात. अंडी पानाच्या किंवा देठाच्या आत घालतात, पिल्लं तिथेच वाढतात. म्हणजे जिथे ती वनस्पती तिथेच तो तुडतुडा.

उंची वाढत जाते तशी हवा थंड होते, साधारण हजार मीटरला सहा अंशांच्या आसपास. त्यासोबत झाडं बदलतात, धुकं बदलतं, ओल बदलते. उष्ण कटिबंधात वर्षभर तापमान फारसं बदलत नसल्यामुळे तिथल्या कीटकांना ठरावीक पट्ट्याचीच सवय असते. थंड माथ्यावरचा कीटक खालची उष्ण दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर सहज जात नाही. हजारो वर्षं असे वेगळे पडलेले गट हळूहळू वेगळ्या प्रजाती होतात. पूर्व आफ्रिकेत हवामान कोरडं होत गेलं त्या काळात जंगलं डोंगरांच्या आसपास आक्रसली आणि ओलाव्याचे काळ आले की पुन्हा पसरली. या आक्रसण्या-पसरण्यातही गट तुटत राहिले. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या शोला जंगलांचं, गवताळ माथ्यांच्या मधल्या घळींत उरलेल्या तुकड्यांचं, असंच आहे.

मर्यादित जागेत राहणाऱ्या प्रजातीला पळून जायला जागा नसते. हवा तापली तर वर सरकावं लागतं, आणि डोंगराला शेवटी माथा असतो.

नाव कळून उपयोग काय?

शेतीपासून सुरुवात करू. भाताच्या टुंग्रो या विषाणूजन्य रोगाचा प्रसार हिरवे तुडतुडे करतात. पण नेफोटेटिक्स वंशातल्या सगळ्या प्रजाती सारख्याच वाहक नाहीत. नेफोटेटिक्स विरेसेन्स हा रोग फार कार्यक्षमतेने पसरवतो, त्याचा अगदी जवळचा नातलग नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस तितका नाही. दोन्ही हिरवे, दोन्ही भातात, रोगाचा धोका मात्र वेगळा. ओळख चुकली की अंदाज चुकतो.

दुसरं उदाहरण अगदी ताजं आहे. आपल्या कपाशीवरचा, पानांच्या कडा वळवून लाल करणारा अम्रास्का बिगुटुला २०२३मध्ये प्वेर्तो रिको बेटावर आढळला, २०२४च्या अखेरीस फ्लोरिडात आणि २०२५मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कपाशीवर पसरला. तिथे आधीपासून असलेल्या एम्पोआस्का वंशातल्या हिरव्या तुडतुड्यांत तो मिसळून गेला असता. पंखांच्या टोकाजवळचे दोन काळे ठिपके आणि नराचे अवयव यांवरून तो वेगळा काढता येतो, आणि या खुणा कुणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांच्या काळात शांतपणे लिहून ठेवल्या होत्या म्हणूनच ते शक्य झालं. भारतात या किडीवरचं ज्ञान जुनं आहे. केसाळ पानांच्या वाणांवर तिचा त्रास कमी होतो, बीटी कपाशी बोंडअळीला रोखते पण तुडतुड्याला नाही. किडीचं नाव नक्की झालं की हे सारं ज्ञान दुसऱ्या देशालाही वापरता येतं.

किबालेतल्या प्रजाती पिकांवरच्या किडी नाहीत. बहुसंख्य तुडतुडे कुठल्याच पिकाला त्रास देत नाहीत. कोळी, भुंगेरे, परोपजीवी गांधीलमाश्या, पक्षी यांचं ते अन्न आहे. झाडांनी बनवलेली साखर जंगलातल्या मांसाहारी प्राण्यांपर्यंत पोचते ती बरीचशी अशा रसशोषक कीटकांमार्फत. जंगलाचा तुकडा राखायचा की तोडायचा यावर चर्चा होते तेव्हा कागदावर जे आहे तेच मोजलं जातं. ज्याला नाव नाही त्याची नोंद संरक्षणाच्या कुठल्याही यादीत होऊ शकत नाही. फ्लॉगिस वंशाचा किबालेशी संबंध आहे हे आज आपण म्हणू शकतो, कारण कुणीतरी त्या ६.५ मिलिमीटरच्या कीटकाचं पोट सोडवून पाहिलं.

वर्णन प्रसिद्ध झालं म्हणजे प्रजाती समजली असं नाही. प्रकाश सापळ्यात मिळालेल्या प्रजातीबद्दल पहिल्या दिवशी कळतं ते तिचं रूप आणि ठिकाण. ती कोणत्या झाडावर जगते, तिची मादी कशी असते, पिल्लं कशी दिसतात, तिच्या अंड्यांत कोणती गांधीलमाशी वाढते, ही उत्तरं पुढे मिळवावी लागतात. फोटो काढून ऑनलाइन टाकणारे हौशी निरीक्षक यात मोठी मदत करू शकतात, आपल्या सह्याद्रीतही. फोटोवरून प्रजाती सहसा ठरत नाही, पण कोणता तुडतुडा कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात दिसला ही नोंद फोटोतून मिळते, मात्र झाडाचाही स्पष्ट फोटो सोबत हवा. नमुना गोळा करायचा असेल तर राखीव जंगलात वनखात्याची परवानगी लागते आणि ती आधी काढावी. यजमान झाड शोधण्याचं काम दिवसाउजेडी, फांदी न्‌ फांदी तपासत करावं लागतं, आणि त्यासाठी वनस्पती ओळखणारा माणूस सोबत असला तर उत्तम.